राजक्काची सरळ रेघ

चामराजपेटेत आमच्या गल्लीत राजलक्ष्मीला सगळे राजक्का म्हणतात, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. मी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, समोरच्याच घरात वाढलो, आणि मीही राजक्काच म्हणतो. दोन्ही घरं मराठी. आमचे पूर्वज नेमके कुठल्या फौजेबरोबर इकडे आले यावर दर लग्नात वाद होतो, आणि तो निम्मा मराठीत तर निम्मा कन्नडमध्ये चालतो.

राजक्का आयटीआय करून एकोणिसाव्या वर्षी मैसूर रोडवरच्या एका कारखान्यात लागली. तिथे मोजमापाची उपकरणं बनत. तिला तपासणीच्या खोलीत घेतलं. त्या खोलीत तोवर एकही बाई नव्हती. खोली बारा महिने वीस अंशांवर ठेवलेली असे, त्यामुळे भर एप्रिलमध्ये ही स्वेटर घेऊन कामाला निघायची आणि आम्ही पोरं हसायचो. काम काय, तर पोलादी पाट सपाट आहे की नाही ते बघायचं. डोळ्यांना सगळे पाट सारखेच सपाट दिसतात. पण एका पाटाला निळ्या रंगाचा अगदी पातळ हात द्यायचा आणि दुसरा त्यावर अलगद टेकवायचा. उचलला की जिथे खरोखर टेकला तिथेच निळं उमटतं. खोलगट जागा कोरी राहते. तिचे साहेब शेषगिरी म्हणून होते. ते म्हणत, "काय वाटतं ते घरी सांगायचं. इथे काय मोजलं ते सांग."

सतरा वर्षं तिने हे काम केलं. मग कारखान्याने तो विभागच बंद केला. राजक्का घरी आली तेव्हा मुलगी, चंदना, सहा वर्षांची होती. नवरा रघुजीराव चिकपेटेत साड्यांच्या घाऊक दुकानात कामाला. ते दुकानातून साड्या आणत आणि राजक्का त्यांना फॉल-पिको करून देई. वीस वर्षं तिने तेच केलं. तिने लावलेला फॉल कधी गोळा झाला नाही, कधी ओढला गेला नाही. पण कारखान्याबद्दल ती कधी बोलायची नाही. बंद झालेल्या विभागाचं सामान भंगारात निघालं तेव्हा तिने त्यातलं एक मायक्रोमीटर आणि एक वीतभर लांबीची, चाकूसारखी धार असलेली पोलादी पट्टी विकत घेतली होती. दोन्ही तेलाच्या फडक्यात गुंडाळून शिलाई मशीनच्या खणात पडून होती.

आता चंदना सव्वीस वर्षांची आहे. कोरमंगलातल्या एका कंपनीत नोकरी करते आणि रोज स्कूटरवरून जाते-येते. तिचा नाद कॉम्प्युटर. बाजारातून सुटे भाग आणून तिने स्वतःच एक मशीन जोडलं होतं, आणि त्याचा प्रोसेसर ती ओव्हरक्लॉक करायची. म्हणजे बनवणाऱ्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा त्याला जास्त पळवायचं. पळवला की तो तापतो. फार तापला की स्वतःला वाचवायला तोच वेग कमी करतो. सगळी कसरत त्या दोन्हींच्या मधली.

गेल्या वर्षी कोरमंगलात या नादाच्या लोकांनी एक स्पर्धा ठेवली. तिचा नियम मला आवडला. एक तासभर प्रोसेसरवर पूर्ण बोजा टाकायचा. त्या तासात कोण किती वर गेलं याला किंमत नाही. वेग सगळ्यांत खाली कुठे आला तो आकडा धरायचा. ज्याचा तो आकडा सगळ्यांत मोठा, तो जिंकला. चंदनाने नाव दिलं. तिला पाच पॉइंट तीन गिगाहर्ट्झ टिकवायचे होते.

ते काही टिकेनात. स्पर्धेला दोन आठवडे राहिले असताना एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे पेपर परत द्यायला गेलो, तर चंदना उप्पिटाची ताटली तशीच समोर ठेवून बसली होती.

"मी नाव काढून घेते," ती म्हणाली. "चिपच वाईट निघाली. आठ कोअर आहेत आत, काम वाटून घेणारे भाग. सहा ऐंशी अंशांवर असतात आणि मधले दोन अठ्ठ्याण्णववर. ते दोन तापले की वेग धाडकन साडेचारवर येतो, परत वर जातो, परत पडतो. आलेख बघितला तर करवतीचे दात दिसतात."

"मग काय काय करून बघितलं?" मी विचारलं.

"सगळं. मधली पेस्ट तीनदा बदलली. व्होल्टेज कमी केलं. पंख्याचा कूलर काढून पाण्याचा लावला. सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणतात नशीब. एखादी चिप चांगली निघते, एखादी नाही."

राजक्का मशीनवर साडी लावून बसली होती. पाय थांबला.

"किती फरक म्हणालीस?"

"अठरा अंश."

"रोज तेवढाच?"

"साधारण तेवढाच."

"आणि रोज त्याच दोन कोअरांत?"

"हो गं. मधल्या."

"नशीब असं रोज एकाच जागी येऊन बसत नाही," राजक्का म्हणाली. "कूलर बसतो कसा त्या प्रोसेसरवर? दाखव."

"आई, ते तुझं काम नाही."

"काम नसेल तर परत साडी घेते. दाखव तर."

चंदनाने नाइलाजाने मशीनची बाजू उघडली. प्रोसेसर म्हणजे काडेपेटीपेक्षा जरा लहान धातूचा चौकोन. तो बोर्डावरच्या खाचेत बसतो, वरून एक पोलादी चौकट त्याला दाबून धरते, आणि तिच्या मधून दिसणाऱ्या त्याच्या पाठीवर कूलरचा तांब्याचा तळ टेकतो. दोन धातूंच्या मधल्या बारीक फटी भरायला राखाडी पेस्ट लावतात. चंदना पेस्ट पुसायला स्पिरिटचा बोळा घेऊन सरसावली, तसा राजक्काने तिचा हात धरला.

"पुसू नको. आधी बघू दे."

तिने चष्मा वर सरकवला. मला त्यात नुसता चिखल दिसत होता. ती म्हणाली, "दोन्ही टोकांना पेस्ट जवळजवळ नाहीच. दाबून बाहेर गेली आहे. मध्ये जाड राहिली आहे. म्हणजे मध्ये टेकतच नाही."

"तीनदा पुसली मी," चंदना हळूच म्हणाली. "एकदाही बघितलं नाही."

राजक्का उठली. मशीनचा खण उघडून तिने ते तेलकट फडकं बाहेर काढलं. पट्टी स्पिरिटने पुसली, खिडकीशी उजेडात गेली आणि धार आधी कूलरच्या तळावर उभी टेकवली. आडवी, उभी, तिरपी. कुठेही उजेड आला नाही. "हा बरा आहे." मग बोर्ड खिडकीकडे वळवून तीच धार प्रोसेसरच्या पाठीवर उभ्या अंगाने ठेवली.

"आता तू बघ."

चंदना वाकली. मीही वाकलो. धारेच्या खाली, बरोबर मध्यावर, केसाएवढी उजेडाची रेघ दिसत होती.

"खोलगट आहे!" चंदना म्हणाली. "म्हणजे चिप खराबच आहे की."

"ठरवू नको एवढ्यात. चौकट सोड, प्रोसेसर बाहेर काढ."

तिने प्रोसेसर हातात घेतला आणि पुन्हा धार टेकवली. उजेडाची रेघ गेली होती. तोच प्रोसेसर हातावर सपाट आणि चौकटीखाली खोलगट. राजक्काने ते तीन वेळा करून बघितलं. तिन्ही वेळा तसंच.

"तुझी चिप बिचारी सरळ आहे," ती म्हणाली. "ही चौकट तिला दोन्ही बाजूंनी मध्यावर दाबते, त्यामुळे ती वाकते. वाकलेल्या पाठीवर सपाट कूलर कसा टेकणार?"

चंदनाने आईच्या हातातल्या पट्टीकडे बघितलं. मग म्हणाली, "तू कारखान्यात हे करायचीस?"

"हेच करायची."

"मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं तू तिथे पॅकिंगला होतीस."

"तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही," राजक्का म्हणाली. बोलताना ती पट्टीला तेल लावत होती. तिचा चेहरा मला नीट दिसला नाही.

उपाय तिने दुपारपर्यंत शोधला. चौकट बोर्डाला चार पेचांनी धरलेली होती. पेचांखाली चार पातळ वॉशर घातले तर चौकट तेवढी वर राहील आणि दाब कमी होईल. पण चारही वॉशर अगदी एका जाडीचे हवेत, नाहीतर एका बाजूचा बाक काढायला जाऊन दुसऱ्या बाजूला बाक येईल. सोमवारी रघुजीराव दुपारच्या सुट्टीत चिकपेटेतल्या हार्डवेअरच्या गल्लीत गेले आणि नायलॉनचे पंचवीस वॉशर घेऊन आले.

"चार हवेत ना गं? पंचवीस कशाला?" त्यांनी विचारलं.

"चार सारखे मिळायला पंचवीस लागतात."

तिने एकेक वॉशर मायक्रोमीटरमध्ये धरला. सगळे एक मिलिमीटरचे म्हणून विकलेले. कोणी त्याहून बारीक, कोणी जाड. सारखे असे पाच निघाले. पाचवा तिने डबीत ठेवला. वॉशर घालून चौकट परत बसवताना चारही पेच तिने स्वतः आवळले, कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, थोडे थोडे, आणि पूर्ण न आवळता जरा आधी थांबली. पट्टी ठेवली. उजेड नाही. मग खात्रीसाठी कूलरच्या तळाला तेलात कालवलेल्या निळीचा पातळ हात देऊन तो टेकवून उचलला. प्रोसेसरच्या पाठीवर टोकापासून टोकापर्यंत एकसारखं निळं उमटलं होतं.

"याला म्हणतात टेकणं," राजक्का म्हणाली. तो निळा पुसून टाकायला तिला जिवावर आलं हे मी पाहिलं.

पेस्ट लावून मशीन चालू केलं. चंदनाने बोजा टाकला. आठही कोअर ब्याऐंशी ते पंच्याऐंशीच्या आत. अठरा अंशांचा फरक तीनवर आला. चंदनाने आईला घट्ट मिठी मारली. रघुजीरावांनी मला हाक मारली, मी घरून जिलेबी घेऊन गेलो, आणि आम्ही ती खातो न खातो तोच पडद्यावर वेग पाच पॉइंट तीनवरून चार पॉइंट सहावर पडला.

जिलेबी हातात तशीच राहिली.

"तापमान किती?" राजक्काने विचारलं.

"चौऱ्याऐंशी. काही वाढलं नाही," चंदना म्हणाली. आवाज रडका झाला होता. "मग का पडला? आता काय कारण?"

"चालू केल्यापासून किती मिनिटं झाली?"

चंदनाला सांगता येईना. राजक्काने तिला मशीन बंद करून थंड होऊ द्यायला सांगितलं आणि साड्यांच्या मापाची वही उलटी करून मागच्या पानावर रकाने आखले. पुढचे तीन दिवस चंदना ऑफिसातून आली की दोघी बसत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असा राजक्काचा दंडक. व्होल्टेज बदललं तर पंख्याला हात लावायचा नाही. दर मिनिटाला वेग लिहायचा. चंदनाला या संथपणाचा वैताग यायचा. "आई, स्वल्प घाई कर ना, दहा दिवसच राहिलेत." "घाई करून दोन महिने गेले की तुझे," आई म्हणायची.

तिसऱ्या दिवशी वहीतून एक गोष्ट दिसली. मशीन थंड असताना सुरू केलं की वेग बरोबर अकराव्या-बाराव्या मिनिटाला पडे. लगेच पुन्हा सुरू केलं तर चौथ्याच मिनिटाला. प्रोसेसर मात्र दोन्ही वेळा पंच्याऐंशीच्या पुढे जात नव्हता.

"दुसरंच काहीतरी हळूहळू तापतंय," राजक्का म्हणाली. "आणि ते तुझ्या पडद्यावर दिसत नाही."

तिने उघड्या मशीनच्या आत तळहात नेला, कशालाही न शिवता, आणि दिव्याची ज्योत वाऱ्यापासून झाकावी तसा सावकाश फिरवला. प्रोसेसरच्या वरच्या अंगाला धातूच्या दोन ठोकळ्यांजवळ हात झटकन मागे आला. "इथे काय आहे?"

"तिथून प्रोसेसरला वीज जाते. भिंतीतली वीज त्याला हवी तशी बारीक करून देणारे भाग त्या ठोकळ्यांखाली असतात." चंदना थांबली. "त्याचं तापमान हा बोर्ड दाखवत नाही."

रघुजीराव उत्साहाने कोविडच्या वेळचं कपाळाचं थर्मामीटर घेऊन आले. त्याने नुसतंच लाल दिवा लावून ओरडायला सुरुवात केली. तापाच्या पलीकडे त्याला काही कळत नव्हतं. तेव्हा राजक्का मागच्या गल्लीतल्या देवाप्पाकडे गेली. देवाप्पाचं मोटारींची वायंडिंग करायचं दुकान आहे, आणि त्याच्या मीटरला उष्णता मोजायची एक तार आहे. तो स्वतःच मीटर घेऊन आला. कन्नडमध्ये म्हणाला, "राजक्का, वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडून मीटर मागितलंस. मी बघितल्याशिवाय जाणार नाही."

तार ठोकळ्याला चिकटवली. मीटरवर साठ, सत्तर, नव्वद. दहाव्या मिनिटाला एकशे आठ. अकराव्याला एकशे अकरा, आणि चंदना ओरडली, "पडला!"

देवाप्पा मान हलवत म्हणाला, "मोटारीत बेअरिंग गार आणि वायंडिंग जळतं, तसंच हे."

"पण आधी एवढं नसावं," राजक्का म्हणाली. "तू कूलर बदललास ना? आधी पंख्याचा होता."

चंदनाने कपाळावर हात मारून घेतला. जुना पंखा प्रोसेसरवर बसायचा आणि त्याचा वारा जाता जाता या ठोकळ्यांवरूनही जायचा. पाण्याच्या कूलरने उष्णता नळीतून बाहेर नेली, पण इथला वारा बंद झाला. एक दुखणं बरं करायला गेली आणि दुसरं मागे लागलं. आधी दोन्ही एकमेकांत मिसळलेली होती, म्हणून एकही हाती लागत नव्हतं.

देवाप्पाने दुकानातून अॅल्युमिनियमची पट्टी आणली, वाकवून दिली, आणि तिच्यावर तळहाताएवढा पंखा ठोकळ्यांकडे तोंड करून बसवला. पुन्हा तासभर बोजा टाकला. देवाप्पा स्टूल ओढून बसला, रघुजीराव उभेच राहिले. दहा मिनिटं, वीस, चाळीस. मीटर सत्त्याहत्तरवर थांबलं. तास संपला तेव्हा पडद्यावर पाच पॉइंट तीनची रेघ डावीकडून उजवीकडे गेली होती, तिला कुठे खळगा नव्हता.

"सरी! जमलं!" देवाप्पा मांडीवर थाप मारून म्हणाला. त्या दिवशी जिलेबी त्याने आणली.

स्पर्धेत एका मशीनमागे दोघांचा संघ चालत होता. चंदनाने ऑफिसातल्या मैत्रिणीचं नाव काढून तिथे राजलक्ष्मी लिहिलं. राजक्काने नाही म्हणून बघितलं. "ती सगळी पोरं इंग्रजीत बोलणार."

"तू बोलू नको. तू मोज."

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. चंदना स्कूटरवर पुढे, आणि ऑटोत मी, राजक्का आणि आमच्या दोघांच्या मांडीवर उशांमध्ये बसवलेलं मशीन. रस्ता खणलेला होता. प्रत्येक खड्ड्याला राजक्का डोळे मिटून घेत होती.

कोरमंगलातला तो हॉल मोठा, दिवे लावलेला, गाणी वाजत असलेला. चौदा संघ. बहुतेक मुलं पंचविशीच्या आतली, काळे टी-शर्ट घातलेली. राजक्का निळी सुती साडी नेसून, पिशवी घेऊन टेबलाशी गेली, तर दाढीवाले परीक्षक धावत आले. त्यांचं नाव गिरीराज. अदबीने म्हणाले, "आंटी, पालकांना बसायची जागा मागे आहे."

राजक्काने गळ्यातलं कार्ड पुढे केलं. त्यांनी वाचलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "माफ करा. हे तुमचं टेबल."

मशीन चालू केलं आणि चंदनाचा चेहरा उतरला. मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एकच दिसत होती. तिने पट्टी काढून परत लावली, जागा बदलली. तरी एकच. एका मेमरीवर स्पर्धेत उतरताच येत नव्हतं. सुरू व्हायला पस्तीस मिनिटं होती.

"रस्त्यात काय हललं असेल?" राजक्काने विचारलं.

"मेमरी प्रोसेसरशी जिथून बोलते त्या पिना त्याच्या खाली आहेत. आपण दाब कमी केलाय. एखादी पिन टेकत नसेल."

म्हणजे उपायच अंगाशी आला होता. चंदना म्हणाली, "पेच पूर्ण आवळते. बाक येईल, पण मशीन तर चालेल."

"नको," राजक्का म्हणाली. "पूर्ण आवळलं तर इथवर आलो कशाला? आपल्याला थोडंच लागेल. किती थोडं ते बघू."

कूलर काढावा लागला. पेस्ट पुसली. राजक्काने पेचकस हातात घेतला. तिने मला नंतर सांगितलं की त्या क्षणी तळहाताला घाम सुटला होता. सभोवार गाणी, शेजारच्या टेबलांवरची मुलं बघत होती, आणि पोलादी पट्टी टेकवून बघायलाही वेळ नव्हता. तिने साडीच्या पदराला हात पुसला. चारही पेच एकेक अष्टमांश फेरा, कोपऱ्यातून कोपऱ्यात. पेस्ट, कूलर, चालू. मेमरी एकच.

"सोळा मिनिटं राहिली, आई."

पुन्हा काढला. चंदनाने पेस्ट पुसली. पुन्हा तेवढाच फेरा. या वेळी तिसऱ्या पेचाशी ती थांबली, अंदाज घेतला आणि त्याला उरलेल्यांपेक्षा किंचित जास्त फिरवलं. "हा ऑटोत सैल झाला आहे. हाताला कळतंय." पेस्ट, कूलर. चंदनाने बटण दाबलं आणि तोंडावर हात धरला.

दोन पट्ट्या दिसल्या.

शिट्टी वाजली आणि तास सुरू झाला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर चौदा संघांच्या चौदा रेघा. शेजारच्या टेबलावरच्या श्रीहर्ष नावाच्या मुलाची रेघ पाच पॉइंट सातवर होती आणि लोक त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. आमची रेघ खाली कुठेतरी, मधोमध. श्रीहर्षने वाकून चंदनाचा आकडा बघितला आणि मोठ्या मनाने म्हणाला, "वाईट नाही." राजक्काने वही उघडली आणि आपल्या पेन्सिलीने मिनिट लिहायला घेतलं. पाच पॉइंट तीन. पाच पॉइंट तीन. पाच पॉइंट तीन.

नवव्या मिनिटाला पडद्यावरची एक रेघ कोसळली. अकराव्याला आणखी दोन. हॉलमध्ये चौदा मशीनं गरम हवा सोडत होती, ती एकमेकांच्याच नाकात जात होती. विसाव्या मिनिटाला श्रीहर्षच्या रेघेला दात फुटले. पाच सात, चार नऊ, पाच पाच, चार आठ. त्याने पंखे पूर्ण सोडले, काही होईना. आता सगळा हॉल पडद्याकडे बघत होता. अर्ध्या तासाला बहुतेक रेघा करवती झाल्या होत्या, आणि त्यांच्या गर्दीतून एकच रेघ दोरी ताणून धरावी तशी चालली होती. कोणीतरी विचारलं, "ही कोणाची?" आणि माना आमच्याकडे वळल्या.

पंचेचाळिसाव्या मिनिटाला कोअरांमधला फरक पाच अंशांवर गेला. चंदनाने आईचं मनगट पकडलं. "पाच चालेल," राजक्का म्हणाली, "पाचाला काही होत नाही," पण पुढची पंधरा मिनिटं तिने मनगट सोडवून घेतलं नाही, डाव्या हाताने लिहिलं.

तास संपला. गिरीराज यांनी आकडे वाचायला सुरुवात केली, शेवटून. श्रीहर्ष चार पॉइंट आठ, पाचवा. दुसरा आलेला संघ पाच पॉइंट एक. मग ते थांबले आणि कन्नडमध्ये म्हणाले, "पहिला संघ. सगळ्यांत खालचा वेग पाच पॉइंट तीन. सगळ्यांत वरचा वेगही पाच पॉइंट तीन. असा आलेख मी आजवर बघितला नव्हता."

जो गलका झाला तो मला शब्दांत सांगता येत नाही. चंदना उड्या मारत होती आणि रडत होती. रघुजीराव दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन नेमके त्याच वेळी दारात आले, त्यांना काय झालं ते कळेना, तेही टाळ्या वाजवू लागले. राजक्का मात्र जागची हलली नाही. टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभी होती आणि हसत होती, इतकी मोकळी की ती एकोणीस वर्षांची असताना स्वेटर घेऊन बसला पळायची तेव्हाचा चेहरा मला आठवला.

तिला मंचावर बोलावून माइक दिला. "काय केलंत ते सांगा," गिरीराज म्हणाले. तिने पिशवीतून पट्टी काढली, श्रीहर्षला हाक मारून त्याचा कूलर मागितला, आणि दिव्याकडे धरून धार त्याच्या तळावर टेकवली. मुलं मंचाभोवती गोळा झाली. कॅमेरा जवळ आला, आणि मोठ्या पडद्यावर, धारेखाली, लखलखीत उजेडाची फट दिसली.

"अय्यो!" श्रीहर्ष म्हणाला. सगळे हसले, तोही हसला.

त्यानंतर ती वीस मिनिटं बोलली. कन्नडमध्ये, घाई न करता. निळा रंग कसा लावायचा, वॉशर का मोजून घ्यायचे, एका वेळी एकच गोष्ट का बदलायची. इंग्रजीचं भय वाटणाऱ्या बाईला कोणी एकदाही अडवलं नाही. मुलं मोबाइलवर टिपून घेत होती. गिरीराज यांनी तिथेच विचारलं की महिन्यातून एक रविवार येऊन शिकवाल का. ती म्हणाली, "सकाळी असेल तर येईन. आणि मला सपाट टेबल लागेल, हे नाही. हे डुगडुगतंय."

दुपारी आम्ही चामराजपेटेत उतरलो आणि थेट कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसलो. देवाप्पाला निरोप गेला, तो दुकानाचं शटर अर्धं ओढून आला. चंदनाने सगळ्यांसाठी लोण्याचे बेण्णे डोसे मागवले. रघुजीराव बसायलाच तयार नव्हते. गल्ल्यावरच्या माणसाला, पाणी देणाऱ्याला, शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी जोडप्याला ते सांगत सुटले होते, "आमची मंडळी पहिली आली. पाच पॉइंट तीन!"

गल्ल्यावरच्या माणसाने भांबावून विचारलं, "कितीपैकी?"

रघुजीरावांनी उत्तरासाठी बायकोकडे बघितलं. राजक्काच्या तोंडात डोसा होता. तिने हाताने थांबा अशी खूण केली, घास गिळला, आणि मग त्या माणसाला गिगाहर्ट्झ म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावून सांगायला बसली.